४८ महाकायांपैकी १६

पडद्यावर चालून येणारा हा पहिला महाकाय. त्याच्या पोटरीवरच्या केसांना वँडर नावाचा पोरगा लोंबकळतोय. खेळणाऱ्याने बटण दाबून धरलंय, तोवरच ही पकड. कोपऱ्यातलं, पकडीची ताकद दाखवणारं वर्तुळ आकसत चाललंय. ते संपलं की पोरगा खाली.

व्हिडिओ गेम 'शॅडो ऑफ द कोलोसस', प्लेस्टेशन २, साल २००५. दिग्दर्शक फुमितो उएदा. सुरुवातीचा बेत ४८ महाकायांचा होता. मग २४ झाले, शेवटी १६. अनेकांनी मिळून ऑनलाइन शिकार करायची, ही मूळ कल्पनाही गेली.

एवढी काटछाट का, ते या पोटरीकडे नीट बघितलं की कळतं. बहुतेक गेममध्ये शत्रू वेगळा आणि चढायची जागा वेगळी. इथे शत्रूच्या अंगावरच चढायचंय. ते अंग चालतं, वळतं, झटके देतं, आणि त्यावर कुठे धरता येईल, कुठे पाय टेकेल हे सगळं हलत्या शरीरावर बसवावं लागतं. एक महाकाय वाढवला की एक अख्खी लेव्हल वाढली, तीही चालतीफिरती.

गावं नाहीत, दुकानं नाहीत, किरकोळ शत्रू नाहीत. मला मात्र उएदांच्या टीमने जे राखलं ते जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी घोडा राखला. तलवार उन्हात धरायची, किरण एकवटतील ती दिशा पकडायची आणि ओसाड मुलखातून नुसती दौड. फीचरची यादी घेऊन बैठकीला बसलं, तर पहिली फुली याच दौडीवर पडावी, कारण तिच्यात 'घडत' काहीच नाही. पण समोर काय उभं राहणार याची धास्ती इथेच भरते. महाकाय पडला की पुन्हा सुरुवातीच्या देवळात, आणि पुन्हा एकट्याने निघायचं.

काटछाट न केलेल्या गेमचं उदाहरण म्हणजे 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर'. त्याची १९९७ साली घोषणा झाली, गेम आला २०११ साली. मधल्या काळात इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर, बदललं, आणि दुसऱ्यांच्या गेममध्ये नवं काही दिसलं की ते आपल्यातही हवंच, असं चालू राहिलं.

'कोलोसस' मात्र २०१८ साली ब्लूपॉइंट गेम्सने प्लेस्टेशन ४ साठी नव्याने घडवला. यंत्र कितीतरी ताकदवान, चित्रं नव्याने केलेली. महाकाय मात्र १६च ठेवले.