फॅफ्सा आणि पुण्यातला फ्लॅट

ऑक्टोबरमध्ये फॅफ्साचा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायचा, अर्ज उघडला की आपल्या अमेरिकेतल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "गरिबाला ग्रँट मिळते, श्रीमंत चेक फाडतो, मधल्यामध्ये भरडले जातो ते आपण." हे अर्धंच खरं आहे. २०२५-२६ साली पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारं, परत न करायचं सरकारी अनुदान) जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. तेवढ्यात वर्षभराचं राहणं-जेवणंसुद्धा भागत नाही, तेव्हा गरिबाचं फार बरं चाललंय असं समजू नका. आपण भरडले जातो हे मात्र खरं, आणि त्याचं कारण फॅफ्साच्या सूत्रातच आहे. कॉलेजच्या खर्चातला घरचा वाटा किती, हे ते सूत्र ठरवतं; वाटा वाढला की मदत घटते.

तुम्ही काय कमावता हे फॅफ्सा बघतो, हातात काय उरतं हे बघत नाही. फेडरल कर आणि घरखर्चाची एक ठरावीक वजावट गेली की उरलेल्या रकमेवर २२ टक्क्यांपासून ४७ टक्क्यांपर्यंत पायऱ्या लागतात. नवरा-बायको दोघंही नोकरीला असलेली आपली घरं बहुधा सगळ्यात वरच्या पायरीवर जातात. घरखर्चाची वजावट देशभर एकच, मग तुम्ही न्यू जर्सीत राहा नाहीतर मिसिसिपीत. राज्याच्या कराची जी थोडी सूट होती, तीही २०२४-२५ पासून गेली. आणि दर महिन्याला भारतात आई-बाबांना जे पैसे पाठवता, त्यांना या अर्जात रकानाच नाही.

आता मालमत्ता. तुमचं राहतं घर फॅफ्सा धरत नाही. ४०१के आणि आयआरए या निवृत्तीच्या खात्यांमधली शिल्लकही धरत नाही. दुसरं घर मात्र धरतो, मग ते कुठल्याही देशात असो. पुण्यात आई-बाबा राहतात तो फ्लॅट तुमच्या नावावर असेल, तर सरकारच्या लेखी ती गुंतवणूक. समजा कर्ज वजा जाता त्याची किंमत १ लाख डॉलर आहे. सूत्र त्यातले १२ टक्के, म्हणजे १२,००० डॉलर, उत्पन्नात मिळवतं आणि त्यावर वरच्या पायरीचे ४७ टक्के लावतं. तुमच्या वाट्यात वाढले ५,६४० डॉलर. हे दर वर्षी, म्हणजे किंमत तीच धरली तर चार वर्षांत साडेबावीस हजार. भाडं एक रुपयाही येत नाही, उलट सोसायटीचा मेंटेनन्स आपणच भरतो! हाच पैसा निवृत्तीच्या खात्यात असता, तर हिशेबात आलाच नसता.

म्हणून माझं म्हणणं असं, की सूत्राचा राग मध्यमवर्गावर नाही. बचत करायच्या आपल्या पद्धतीशी त्याचं जमत नाही. आपण फ्लॅट घेतो, लेकीच्या नावावर पैसे टाकतो. मुलांच्या नावावरच्या पैशांना २० टक्के दर आहे. तेच पैसे आई-वडिलांच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचतीचं खातं) असले, तर फार तर ५.६४ टक्के. (लपवाछपवीचा विचार कुणाच्या मनात असेल तर सोडून द्या. खोट्या माहितीवर सही करणं हा फेडरल गुन्हा आहे.)

जुळ्यांच्या पालकांना तर मोठाच फटका बसला. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली, की पालकांचा वाटा दोघांत विभागला जायचा. ३०,००० असेल तर प्रत्येकी १५,०००. २०२४-२५ पासून प्रत्येकासाठी पूर्ण ३०,०००. सीएसएस प्रोफाइल (फॅफ्साखेरीजचा, मदतीचाच आणखी एक अर्ज) मागणारी काही खासगी कॉलेजं अजून भावंडांचा विचार करतात, पण त्यांतली बरीच राहत्या घराची किंमतही मोजतात. एका हातानं देतात, दुसऱ्या हातानं काढून घेतात.

यातून एक उलटीच गोष्ट घडते. दीड लाख डॉलर मिळवणाऱ्या घराला परराज्यातल्या सरकारी विद्यापीठापेक्षा हार्वर्ड स्वस्त पडू शकतं. २०२५-२६ पासून हार्वर्ड आणि एमआयटी या दोन्ही ठिकाणी २ लाखांपर्यंत उत्पन्न आणि नेहमीची मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन, म्हणजे शिक्षणाची फी, माफ आहे. अडचण एवढीच, की तिथे आधी प्रवेश मिळावा लागतो.

बाकी ठिकाणी येतं ते अवॉर्ड लेटर, म्हणजे किती मदत मिळणार हे सांगणारं कॉलेजचं पत्र. ते शांतपणे वाचा. वर ठळक अक्षरात मदतीची मोठी बेरीज असते. खाली पाहावं तर त्यात पहिल्या वर्षाचं ५,५०० डॉलरचं विद्यार्थी कर्ज असतं आणि कधी कधी तुमच्याच डोक्यावरचं पॅरेंट प्लस (पालकांनी घ्यायचं सरकारी) कर्जसुद्धा मिळवलेलं असतं. कर्जाला मदत म्हणायचं धाडस मला तरी होत नाही. १ जुलै २०२६ पासून नव्यानं पॅरेंट प्लस घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे, तेव्हा "बघू, प्लस घेऊ" हा जुना हिशेब आता चालणार नाही.

उत्पन्नाचं वर्षही लक्षात ठेवा. २०२७ च्या फॉलला (शरद ऋतूत सुरू होणाऱ्या सत्राला) प्रवेश असेल, तर २०२५ चं उत्पन्न धरलं जातं. त्या वर्षी शेअर विकून नफा झाला असेल, तर तोही त्यात आला. अशा वेळी, किंवा नंतर नोकरी गेली, दवाखान्याचं मोठं बिल आलं, तर आकडे बदलायचा अधिकार कायद्यानं कॉलेजच्या एड ऑफिसरला (आर्थिक मदत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला) दिलेला आहे. आपली माणसं हे मागायला लाजतात. लाजू नका, पत्र लिहा. एकच पान, त्यात आकडे, सोबत कागदपत्रं. मुलाचे गुण किती आणि तो तबला किती छान वाजवतो, हे त्यात नको. ते वाचणारा माणूस दुसऱ्या खिडकीवर बसतो.