बोस आयकर्ड: दगडावरची चार वर्षं आणि बाकीचा माणूस

मंडळी, डॅलसहून आय-20 हायवे धरून फोर्ट वर्थच्या पुढे तीसेक मैल गेलं की वेदरफर्ड लागतं, उन्हाळ्यात पीच घ्यायला तुमच्यातले बरेच जण तिकडे जातात. तिथल्या ग्रीनवुड कब्रस्तानात बोस आयकर्ड नावाच्या काऊबॉयची कबर आहे. आज मला त्याच्याबद्दल बोलायचंय, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षाही जास्त, असा पूर्वज घराण्यात असला तर तो पुढच्या पिढ्यांपर्यंत कसा पोचतो ह्याबद्दल.

काऊबॉय म्हटलं की आपल्याला गोरा माणूस दिसतो, हॅट, कमरेला पिस्तूल. पण यादवी युद्धानंतर टेक्सासहून गुरांचे कळप हाकत नेणाऱ्यांत साधारण चारातला एक काळा होता असा अंदाज अभ्यासक सांगतात, मेक्सिकन वाकेरो, म्हणजे तिकडचे गुराखी, वेगळेच. बोस त्या काळ्या काऊबॉयांतलाच. मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्मला, साल कोणी 1843 देतं कोणी 1847, आणि ह्यात नवल काहीच नाही कारण 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची जी वेगळी यादी होती तिच्यात मालकाचं नाव लिहायचे आणि त्याखाली नुसतं वय, बाई की पुरुष, रंग. नाव लिहायचेच नाहीत. आपण त्र्यंबकेश्वरला गेलो की उपाध्ये वही काढून खापरपणजोबांची सही दाखवतात ना, ह्या लोकांना तशी वहीच नाही. जे काही राहिलं ते घरात बोलण्यातून राहिलं. मालक मिल्टन आयकर्ड हे डॉक्टर, 1852 मध्ये ते सगळ्यांना घेऊन टेक्सासला आले. हे डॉक्टरच बोसचे वडील असावेत असं बरेच जण मानतात. अशी गोष्ट सरकारी कागदावर कोण लिहिणार? ती घरातल्या बायाच हळू आवाजात पुढे सांगणार.

1865 मध्ये गुलामी संपली आणि पुढच्याच वर्षी बोस ऑलिव्हर लव्हिंग ह्या गुरांच्या व्यापाऱ्याच्या कळपावर कामाला लागला. लव्हिंग आणि त्याचा भागीदार चार्ल्स गुडनाइट ह्या दोघांनी मिळून जो रस्ता पाडला तो गुडनाइट-लव्हिंग ट्रेल, पश्चिम टेक्सासातून पेकोस नदीच्या काठाने न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनर ह्या लष्करी ठाण्याला. पहिल्या खेपेला दोन हजार गुरं आणि अठरा माणसं. मिडल कॉन्चो नदीपासून पेकोसवरच्या हॉर्सहेड क्रॉसिंगपर्यंत 96 मैल पाण्याचा थेंब नाही, म्हणून थांबायचंच नाही, दिवसरात्र हाकायचं, गुरांच्या जिभा बाहेर आलेल्या, माणसं घोड्यावरच डुलक्या घेतायत, आणि मग वाऱ्यावरून पाण्याचा वास आला की सगळा कळप एकदम उधळतो आणि पाठीमागची पुढच्यांना ढकलत उंच काठावरून सरळ नदीत. शेकडो गुरं त्या खेपेला मेली. एरवी रात्रीची राखण असायची, दोघं जण झोपलेल्या कळपाभोवती उलटसुलट दिशांनी संथपणे फेऱ्या मारत गाणं म्हणत राहायचे, म्हणजे काडी मोडल्याच्या आवाजाने गुरं बुजू नयेत. हे काम ज्याने वर्षानुवर्षं केलं त्याच्या चिकाटीला मी तरी हात जोडतो.

आणि हे मांस जात कुठे होतं तेही सांगायला पाहिजे. फोर्ट समनरला सैन्याने हजारो नावाहो ह्या मूळनिवासी जमातीच्या लोकांना त्यांच्या मुलखातून शेकडो मैल चालवत आणून डांबलं होतं, त्यांना खायला घालायला सरकार गुरं विकत घेत होतं. वाटेतला मुलूख कोमांची ह्या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचा. काल सुटलेला एक गुलाम, दुसऱ्या कैद्यांसाठी, तिसऱ्यांच्या जमिनीवरून गुरं नेतोय. हे वगळून कोणी ह्या ट्रेलची शौर्यकथा सांगत असेल तर मला ते पटत नाही.

1867 मध्ये कोमांचींच्या हल्ल्यात लव्हिंग जखमी झाला आणि त्यातच गेला, मग बोस गुडनाइटकडे राहिला. गुडनाइटचा त्याच्यावर इतका भरवसा की गुरं विकून आलेली रोकड तो बोसकडे द्यायचा. कारण? काळ्या माणसाजवळ एवढा पैसा असेल असं चोराच्या मनातच येणार नाही. मला ह्या गोष्टीचं कौतुक वाटतं आणि ती टोचतेही.

1929 च्या जानेवारीत बोस वारला. गुडनाइट तेव्हा नव्वदी पार केलेला, त्याने कबरीवर दगड बसवला. त्यावर साधारण असं कोरलंय की ह्याने माझ्याकडे ट्रेलवर चार वर्षं काम केलं, कधी कामचुकारपणा केला नाही, हुकूम मोडला नाही, गुरं उधळली तेव्हा बरोबर होता, कोमांचींशी तीन चकमकींत होता, वागणूक उत्तम. मनापासून लिहिलंय, त्याबद्दल शंका नाही. पण नीट वाचा, हे मालकाने दिलेलं सर्टिफिकेट आहे. चार वर्षांचं! माणूस ऐंशीच्या आसपास जगला.

1869 ला तो वेदरफर्डला स्थायिक झाला. त्याला कोलोरॅडोत जायचं होतं, तिकडे काळी माणसं फारच कमी आहेत, इथेच शेत घे, असं गुडनाइटने सांगितलं. मग शेती, बायको अँजेलिना, पोरंबाळं, जवळजवळ साठ वर्षांचं आयुष्य. ह्या साठ वर्षांचा दगडावर एक शब्द नाही. हा भाग फक्त घरच्यांकडे असतो, आणि आपण त्यांना विचारतो काय, तर लढायांचं सांगा, पिस्तूल कुठलं होतं, तो नामचीन गुंड बिली द किड भेटला होता का. मग घरचेही तेच सांगायला लागतात आणि दोन पिढ्यांत बाकीचं विसरून जातं.

म्हणून माझी विनंती आहे, अशा घराण्यातलं कोणी भेटलं, आणि इथे टेक्सासात ऑफिसात, शाळेत नक्की भेटतील, तर ट्रेलचं नंतर विचारा. शेत कुठे होतं, विकत घ्यायला पैसे कुठून आले, मुलं शाळेत गेली का, आजी त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे आधी विचारा. आणि मग 1870 ची जनगणना काढून बसा, गुलामीतून सुटलेल्यांची नावं सर्रास लिहिलेली ही पहिलीच, ऑनलाइन मिळते, घरातलं नाव तिथे सापडतं का ते त्यांच्याबरोबर बसून बघा.