कुलर, रेडिएटर आणि ओला दुपट्टा

(दृश्य: मे महिना, दुपारचे अडीच. वर्धा रोडवरचा एक चौक. वर हिरवी जाळी, खाली डांबरावर थरथरणारी हवा. मागे दोन बॅगा बांधलेली मोटारसायकल सिग्नलला उभी.)

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता नागपूरच्या रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. ज्यांना खरोखर काम आहे ती, आणि पहाटे लवकर निघायचं ठरवून ज्यांना उठवलं नाही ती. आम्ही आज दुसऱ्यांत.

मीटरवर इंजिनाच्या तापमानाच्या सहा दांड्या आहेत. बुटीबोरीपासून इथवर ताशी ७०-८० नं आलो तेव्हा चारच होत्या. आता इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरचा पंखा सुरू झालाय, आणि त्याचा सगळा झोत पोटरीवर येतोय. फुटाणेवाल्याच्या भट्टीला पाय टेकून उभं राहावं, तसा.

ऊन तेच. रस्ता तोच. मग उभं राहिल्यावर दोन दांड्या आल्या कुठून?

(दृश्य: पेट्रोल पंप. मीटरवरचे फिरणारे आकडे.)

शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं, तर त्यातले पंचवीस-तीस रुपयेच चाक फिरवायला जातात. उरलेल्या सत्तर-पंच्याहत्तरांची उष्णता होते. काही सायलेन्सरमधून बाहेर पडते, बाकीची इंजिनाच्या धातूत मुरते, आणि ती तिथून सतत काढत राहावी लागते. काढून टाकायची कुठे, तर बाहेरच्या हवेत. आणि आपली बाहेरची हवा कशी असते, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. सोनेगावच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. ते तापमापक सावलीत, पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेलं असतं. आपला रेडिएटर मात्र तापल्या डांबरावरची, पुढच्या ट्रकच्या धुरात मिसळलेली हवा ओढतो.

आता थोडं गणित. उष्णता किती वेगानं बाहेर जाईल, हे दोन तापमानांतल्या फरकावर ठरतं. रेडिएटरमधलं पाणी १०० अंशांवर आहे आणि जानेवारीच्या सकाळी हवा २० अंशांवर, फरक ८०. मे महिन्यात हवा ४५ वर गेली की फरक राहिला ५५. म्हणजे थंडीत जो रेडिएटर सोळा आणे काम करायचा, तो उन्हाळ्यात अकरा आण्यांवर आला. गाडी पळत असते तेव्हा वाऱ्याचा झोत ही तूट भरून काढतो. सिग्नलवर तो वाराही थांबतो आणि पाच इंचांच्या पंख्यावर सगळा भार येतो.

गेल्या काही उन्हाळ्यांत शहरातल्या काही चौकांत दुपारचे सिग्नल बंद ठेवले जातात. माणसांना ऊन लागू नये म्हणून. पण त्याचे आभार आमच्या इंजिनानंही मानायला हवेत.

(दृश्य: एका घराची गच्ची. लोखंडी कुलर धुणं सुरू. जुन्या ताट्या बाहेर, पाइपानं टाकी धुतली जातेय.)

होळी झाली की नागपुरात घरोघरी कुलर खाली उतरतो. ताट्या बदलतात, टिल्लू पंप चालतोय का बघतात, पंख्याला तेलाचे दोन थेंब सोडतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही. मग त्याच अंगणात उभ्या असलेल्या गाडीत हेच सगळं आहे, पाणी, पंप, पंखा आणि हवा आत यायची जाळी, तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. मी तरी बघत नव्हतो.

(दृश्य: इतवारीकडे जाणारी गल्ली. छोटं गॅरेज. मेकॅनिक रेडिएटरच्या जाळीवर टॉर्च मारतोय.)

या गॅरेजचे मालक तीस वर्षं गाड्या उघडताहेत. मी विचारलं, गाडी तापते म्हणून लोक येतात तेव्हा तुम्ही आधी काय बघता?

"काही नाही भाऊ, टॉर्च मारतो. गाडी तापून राह्यली म्हणते, अन् जाळीत पाह्यलं तर अख्खं वावर भरलेलं असते. माती, किडे, सावरीचा कापूस. हवा जाईन कुठून?"

सावरीचा कापूस खराच. उन्हाळ्याच्या तोंडावर सावरीची बोंडं फुटतात आणि तो पांढरा भुरा रस्ताभर उडतो. रेडिएटरच्या पातळ पात्यांत तो अडकतो, त्यावर धूळ बसते, मग एखादा चिखलाचा शिडकावा, आणि बघता बघता गादी तयार. ती काढायची तर पाणी मागून पुढे सोडायचं, हलक्या धारेनं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या बंदुकीनं नाही. त्या धारेत अॅल्युमिनियमची पाती कागदासारखी वाकतात, आणि वाकलेल्या पात्यातून वारा जात नाही.

गॅरेजच्या मालकांनी मग एक कुलरची जुनी ताटी उचलून दाखवली. तिच्यावर पांढरी, कडक खपली होती. "हे बोअरचं पाणी. लोक हेच रेडिएटरमंदी टाकते."

त्यानंतर त्यांना काही सांगावं लागलं नाही. जी खपली ताटीवर दिसते, तीच आत नळ्यांमध्ये चढते, फक्त दिसत नाही. रेडिएटरमध्ये कुलंट हवं, आणि मिसळायचं तर डिस्टिल्ड पाणी. काहीजण म्हणतात, कुलंट बर्फाच्या प्रदेशात लागतं, आपल्याकडे कशाला? त्याचं उत्तर असं, की गोठण्यापासून वाचवणारं तेच द्रव उकळणंही लांबवतं. अर्धं पाणी आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल (कुलंटमधलं मुख्य द्रव) असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. त्यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब आला की ते सव्वाशेच्या पुढे जातं. शिवाय आतला धातू गंजत नाही. आणि दाब आहे म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. उघडलं की दाब सुटतो आणि इतका वेळ न उकळलेलं पाणी त्या क्षणी उकळून चेहऱ्यावर येतं.

धाब्यावर अडकलात आणि कुलंट नाहीच, तर गाडी पुरती निवल्यावर पिण्याच्या बाटलीतलं पाणी टाका. चालेल. घरी आल्यावर मात्र ते काढा.

(दृश्य: जुनी बुलेट. इंजिनावरच्या लोखंडी पात्यांचा जवळून शॉट.)

एअर कूल्ड गाडीची गोष्ट वेगळी. तिला पाणी नाही, पंप नाही, पंखा नाही. वारा हाच तिचा रेडिएटर. म्हणून ती महामार्गावर दिवसभर खुशाल चालते आणि बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत दहा मिनिटांत कावते. अशा गाडीच्या लेगगार्डला पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन, रेनकोटची गुंडाळी आणि वर दोरखंड बांधून निघालेले वीर आम्ही पाहिलेत. सिलेंडरवर येणारा वारा तिथेच अडला. सामान मागे बांधायचं. लाल सिग्नल अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा दिसला, की गाडी बंद करायची.

अशा इंजिनात बरंचसं कुलिंग ऑइल करतं, आणि आपण त्याकडे फक्त वंगण म्हणून बघतो. ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात. त्यातला दुसरा, ३०, ४० किंवा ५०, हा १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. गाडीच्या पुस्तकात उन्हाळ्यासाठी जास्त आकड्याची मुभा असेल तर ती घ्यावी. नसेल तर पुस्तकातलंच ऑइल, पण वेळेवर बदललेलं आणि इंजिनाच्या काचेच्या खिडकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून ओतू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, तो घसरायला लागतो.

क्लचचा विषय निघालाच आहे. गर्दीत अर्धा क्लच दाबून गाडी इंच इंच सरकवत राहणं म्हणजे इंजिनाला आतून शेक देणं. पुढच्या गाडीमागे थोडी जागा सोडा, ती दोन गाड्यांएवढी झाली की मग क्लच पूर्ण सोडून जा. पाठीमागून हॉर्न वाजतील. नागपुरात ते तसेही वाजतात.

नव्या गाड्यांचे मालक एक तक्रार हमखास करतात, की जुनी गाडी पायाला इतकी भाजत नव्हती. त्यात तथ्य आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय कामच करत नाही, म्हणून तो बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या अगदी जवळ, म्हणजे आपल्या नडगीच्या जवळ बसवलेला असतो. पाइपाला कापडी पट्टी गुंडाळून उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त पुढे सरकते. वर त्या पट्टीखाली पावसाचं पाणी साचून पाइप गंजतो. त्यापेक्षा जाड जीन्स आणि घोट्यावर येणारे बूट बरे. हाफ पँट घालून टूरला निघालेल्यांना मी काही सांगत नाही. पाइपच सांगतो.

(दृश्य: ढाब्यासमोर थांबलेली मोटारसायकल. तिच्यावर पाण्याचा मग धरलेला एक हात, दुसरा हात त्याला अडवतो.)

आणि हे अजिबात करायचं नाही. मी केलंय. कॉलेजात असताना काकांची बुलेट घेऊन रामटेकला गेलो होतो, भर उन्हात. परत आल्यावर गाडीची दया आली आणि इंजिनावर बादलीभर पाणी ओतलं. वाफेचा ढग उठला आणि आतून 'टण्ण' असा आवाज आला. तापलेला धातू एका बाजूनं एकदम आकसला की तो वाकू शकतो, तडकू शकतो. त्या दिवशी तडकला नाही. काका रागावले नाहीत, पण तीन महिने चावी कुठे ठेवतात ते कळू दिलं नाही.

थांबायच्या आधीचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवणं, हा त्यापेक्षा साधा उपाय. जोरात आणलेली गाडी तशीच बंद केली तर पंप थांबतो, वारा थांबतो, आणि धातूत साठलेली उष्णता जागीच राहते. त्यामुळे बंद केल्यावर काही मिनिटं तापमान उलट वाढतं. काही गाड्यांचा पंखा बंद केल्यावरही फिरत राहतो, तो याचसाठी. बिघाड समजून वायर काढू नका.

(दृश्य: रसवंती. घुंगरांचा आवाज. चालक दुपट्टा बादलीत बुडवून पिळतोय.)

गाडीला निदान मीटर आहे. चालवणाऱ्याला नाही.

आपली त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून गरम झाली, की वारा अंगातली उष्णता नेत नाही, आणून देतो. ४५ अंशांत जाळीचं जॅकेट उघडं टाकून ८० नं जाणं म्हणजे भट्टीतला वारा अंगावर घेणं. इथे परत कुलर मदतीला येतो. आतली सुती बनियन ओली करायची, गळ्याला आणि डोक्याला ओला दुपट्टा बांधायचा, त्यावर जॅकेट, आणि चेन थोडीच उघडी. मे महिन्यातली नागपूरची हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. अर्ध्या-पाऊण तासात दुपट्टा कडक वाळतो, परत भिजवायचा.

रेडिएटरला हे जमत नाही. त्याचं पाणी बंद नळीत फिरतं, उडत नाही, म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा थंड ते कधीच होणार नाही. ओला दुपट्टा होतो. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा चिकट झाली, की कुलर आणि दुपट्टा दोघंही एकाच दिवशी निकामी होतात. रेडिएटरला त्याचा पत्ताही नसतो.

दर अर्ध्या तासानं पाणी, मध्येमध्ये मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं. डोकं दुखायला लागलं, समोरची पाटी दोनदा वाचावी लागली, तर पुढचं गाव गाठायचं नाही, पहिल्या झाडाखाली थांबायचं. बोलणं अडखळलं किंवा घाम यायचाच थांबला तर थेट दवाखाना.

(दृश्य: पहाट. छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता. हेडलाइटचा झोत.)

दुसऱ्या दिवशी आम्हाला उठवलं. साडेचारला निघालो. टायरची हवा थंड चाकात तपासून भरलेली, सावनेर येईतो उजाडलं. सौंसर मागे टाकलं. या वाटेवर खरी परीक्षा सिल्लेवानीच्या घाटात, कारण घाटात वेग कमी आणि इंजिनावर ओझं जास्त, म्हणजे चौकातल्या सिग्नलसारखंच. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं की इंजिन टकटक करतं, तो आवाज म्हणजे गिअर उतरवा असं सांगणं. आम्ही एक गिअर खाली, इंजिन मोकळं फिरतं ठेवून चढलो. घाटमाथ्यावर आठ वाजायचे होते. मीटरवर चार दांड्या.

(दृश्य: रात्र. नागपुरातली गल्ली. गाडी उभी, दिवा बंद.)

परतायला ऊन उतरायची वाट पाहिली. रात्री दहाला घरी. गाडी बंद केल्यावर तापलेला पाइप आकसताना टिक, टिक आवाज करत होता. तो थांबेपर्यंत फाटकाशी उभा राहिलो. मग आत आलो, दुपट्टा खुंटीला टांगला आणि कुलर लावला.

टाकीत पाणी नव्हतं.