किल्ल्याच्या आडोशाला नांगर

मित्रहो, मोटरबोटीनं किनारा धरून जायचं म्हटलं की लोक आधी वेग विचारतात, मग डिझेल. माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा की आज रात्री नांगर कुठं टाकायचा? मुंबईहून मालवणकडे निघालेल्या माणसानं सकाळी इंजिन सुरू करण्याआधीच याचं उत्तर काढलेलं असावं. तिथवर पोचणं जमलं नाही, तर अलीकडचा दुसरा मुक्कामही ठरलेला असावा. कोकण किनारा दिवसा देखणा आहे, पण दिवस मावळला की खडक आणि पाणी यांत फरक कळत नाही. रायगडच्या पट्ट्यात डोल जाळ्यांचे, म्हणजे खुंटांना बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे, खुंट असतात, खाली सिंधुदुर्गाकडे जाळ्यांचे दोर पसरलेले असतात. पंख्यात दोर गुंतून इंजिन बंद पडलं, तर वारा तुम्हाला कुठं नेईल ते तोच ठरवणार.

मुक्काम शोधायला मी किल्ल्यांचा आधार घेतो. नकाशावर बोट फिरवा. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वाघोटन खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग, त्याच्याखाली देवगड. समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक आणि त्याच्या आत निवांत पाणी, अशा या जागा आहेत. किल्ला बांधणाऱ्यांना नुसती टेकडी नको होती, गलबतं उभी राहतील असं पाणी राखायचं होतं. विजयदुर्गाच्या आत, खाडीच्या बाजूला गिर्ये गावाजवळ खडक कोरून केलेली मराठ्यांची गोदी आजही पाहता येते. आरमार दुरुस्तीला घ्यायचं ते अशाच सुरक्षित पाण्यात. १७५६ साली इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं तेही याच बंदरात. ती बातमी वाचताना आजही जीव तुटतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं मात्र उलट आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी मालवणसमोरचं कुरटे बेट निवडलं, त्यात भोवतालच्या खडकांचा मोठा वाटा आहे. शत्रूचं जहाज जवळ येऊ नये म्हणून निवडलेली ती जागा. तुमची बोटही त्या खडकांना परकीच आहे. मालवणात शिरताना स्थानिक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, बरोबर घ्या, आणि तेही उजेडात. चार्ट आणि जीपीएस असले तरी घ्या. शिवाय १९८७ पासून तिथला काही भाग सागरी अभयारण्य आहे. त्या पाण्यात प्रवाळ आहे. वर्षानुवर्षं वाढलेल्या प्रवाळाचा तुमचा एक नांगर एका रात्रीत भुगा करू शकतो, म्हणून तिथं कुठं उभं राहायचं ते बंदर कार्यालयात विचारूनच ठरवा. याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

आता वाऱ्याचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो आणि समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि लाटा उंच होतात. म्हणून उजाडता निघावं आणि दुपारी दोनच्या सुमारास आत शिरावं. वायव्येला उघडा असलेला कोपरा सकाळी कितीही गोड वाटला, तरी रात्रीसाठी घेऊ नका. बाणकोटसारख्या ठिकाणी मुखाशी वाळूचा बांध आहे. ओहोटीचं पाणी बाहेर आणि लाट आत अशी टक्कर झाली की तिथं लाटा फुटतात. चढत्या भरतीतच आत जा. भरतीची वेळ आपल्या कोळी बांधवांना तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा वाजता भरती. हा हिशेब अंदाजाचा आहे, भरतीचं कोष्टक जवळ ठेवाच.

नांगर टाकण्याचा हिशेब मात्र अंदाजानं चालत नाही. समजा विजयदुर्गाच्या आत ओहोटीला ४ मीटर पाणी आहे. उधाणाला ते आणखी अडीच मीटर चढेल. पाण्यापासून नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची १ मीटर धरा. झाले साडेसात. साखळी असेल तर याच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३८ मीटर सोडायची. नुसता दोर असेल तर सातपट, ५० मीटरच्या वर. ओहोटीचं पाणी पाहून दोर सोडला, तर मध्यरात्री भरतीला नांगर उचलला जातो.

नांगर टाकल्यावर इंजिन हळू मागे घ्या आणि ताणलेल्या दोरावर तळहात ठेवा. तळ चिखलाचा असेल तर दोर घट्ट, एकसारखा ताणलेला राहतो. नांगर खडकावरून घसरत असेल तर दोरात थरथर जाणवते, खरखर हातापर्यंत येते. तशी आली की उचला आणि दुसरीकडे टाका, कितीही कंटाळा आला तरी. खडकाळ तळाचा संशय असेल तर नांगराचे फाळ जिथं जुळतात त्या टोकाला वेगळा बारीक दोर बांधून वर बोया, म्हणजे तरंगता गोळा, सोडा. फटीत अडकलेला नांगर सकाळी त्याच दोरानं उलटा ओढून निघतो.

मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, बुरूज आणि त्यामागचं एखादं झाड, आणि अर्ध्या तासानं पुन्हा पाहा. खाडीत दर सहा तासांनी प्रवाह उलटतो तशी बोट फिरते, तेव्हा शेजारच्या ट्रॉलरपासून पूर्ण वर्तुळाची जागा हवी. प्रवाह उलटला की एकानं उठून खुणा पाहायच्या. रात्रभर चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लागलेला हवा. खाडीत पहाटे मासेमारीच्या होड्या सुटतात, त्यांना तुम्ही दिसलं पाहिजे.

मागून एक प्रश्न आलाय की खडकाळ किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडलं तर? पहिलं काम, नांगर टाका. इंजिन उघडून बसू नका. बोट थांबली की विचार करायला वेळ मिळतो. यासाठीच चालत्या बोटीत नांगर नाळेवर मोकळा, दोर गुंता काढून ठेवलेला असावा. सामानाखाली गेलेला नांगर त्या दोन मिनिटांत हाती लागत नाही. मग व्हीएचएफ रेडिओच्या सोळाव्या चॅनलवर हाक द्या, किंवा फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा.