ओट्सेगो तलावाचा सातबारा

अमेरिकन कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपरबद्दल बोलायचं तर कादंबरीच्या आधी एका लिलावाबद्दल बोलावं लागतं. जानेवारी १७८६. न्यूयॉर्क राज्यात मोहॉक नदीकाठी कॅनाजोहारी नावाचं गाव आहे, तिथे ४०,००० एकर जमीन लिलावात निघाली. डोंगर, दाट जंगल आणि मधोमध एक लांबट तलाव. ही जमीन जॉर्ज क्रोगनची. सीमेवरचा व्यापारी, इंग्रज सरकारतर्फे मूळ रहिवाशांशी बोलणी करणारा माणूस, १७८२ मध्ये कर्जात बुडालेला असतानाच वारला. जमीन त्याने गहाण ठेवली होती न्यू जर्सीचा गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन याच्याकडे. बेंजामिन फ्रँकलिनचा हा मुलगा; बाप स्वातंत्र्याच्या बाजूने, मुलगा राजाच्या. राजा हरला, गव्हर्नर इंग्लंडला गेला, आणि कर्जाचे कागद फिरत फिरत न्यू जर्सीतल्याच बर्लिंग्टन गावच्या दोघांच्या हातात आले. त्यांतला एक विल्यम कूपर, मूळचा गाडीची चाकं बनवणारा. क्रोगनचे वारस हरकत घेत होते, तरी लिलाव झाला आणि जमीन या दोघांनी उचलली.

या विल्यम कूपरचा मुलगा म्हणजे आपला कादंबरीकार. जन्म १५ सप्टेंबर १७८९, बर्लिंग्टनला. वर्षाचा असताना ओट्सेगो तलावाच्या दक्षिण टोकाला, बापाने वसवलेल्या कूपरस्टाउनमध्ये आला.

कूपरने निसर्गाची वर्णनं फार सुंदर केली, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. केलीच. पण ती वाचताना मागे सातबारा उघडा ठेवावा. हे झाड कोणाचं, ही वाट कोणाच्या वहिवाटीची, बोजा कोणाचा, आणि पहिल्या मालकाचं नाव कधी खोडलं, हे प्रश्न त्याच्या जवळजवळ प्रत्येक दृश्याच्या तळाशी आहेत.

आधी जागा नीट समजून घेऊ. ओट्सेगो तलाव उत्तर-दक्षिण पसरलेला, लांबी सुमारे १४ किलोमीटर, रुंदी त्या मानाने फार कमी. हिमनदीने कोरलेलं हे खोरं, म्हणून दोन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यावर उतरतात. दक्षिण टोकाला पाणी एका अरुंद तोंडातून बाहेर पडतं आणि तिथून सस्क्वेहॅना नदी सुरू होते, ती सातशेहून जास्त किलोमीटर वाहत चेसापीक उपसागराला मिळते. त्या तोंडापाशी पाण्यातून वर आलेला एक गोल खडक आहे, कौन्सिल रॉक. मूळ रहिवाशांच्या भेटीगाठी या खुणेच्या दगडाशी होत.

याच तोंडावर १७७९ च्या उन्हाळ्यात, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, अमेरिकन फौजेच्या जनरल जेम्स क्लिंटनने बांध घातला. तपशील ऐकण्यासारखा आहे. इरोक्वाय, म्हणजे या मुलखातल्या मूळ रहिवाशांच्या जमातींचा संघ, त्यांच्या गावांवर चाल करून जायचं होतं. मोहॉक नदीतून दोनशेच्या वर सपाट तळाच्या होड्या गाड्यांवर लादून तलावापर्यंत ओढत आणल्या. पण उन्हाळ्यात सस्क्वेहॅनाचा वरचा भाग इतका उथळ की भरलेली होडी तळाला टेकते. मग तोंड बांधलं, तलावाची पातळी दोन-तीन फूट चढू दिली, आणि ९ ऑगस्टला बांध फोडला. त्या लोंढ्यावर सगळा काफिला खाली गेला आणि टायोगाला जनरल सलिव्हनच्या फौजेला मिळाला. त्या मोहिमेत इरोक्वायांची चाळीसच्या आसपास गावं, त्यांच्या मक्याच्या शेतांसकट, जाळली गेली. आदल्या वर्षी, नोव्हेंबर १७७८ मध्ये, जवळच्या चेरी व्हॅलीत राजाच्या बाजूच्या सैनिकांनी आणि त्यांच्या इरोक्वाय साथीदारांनी वस्ती कापून काढली होती. त्याचा हा बदला.

हे आटोपल्यावर सातच वर्षांनी लिलाव. विल्यम कूपरने नंतर लिहिलं की १७८५ मध्ये तो या भागात आला तेव्हा एकही वस्ती नव्हती, वाटेची खूणही नव्हती. ओढ्यातले मासे राखेत भाजून खाल्ले आणि कोट पांघरून झोपला. खरंच असेल. पण ते रान रिकामं का होतं, हे त्याने लिहिलं नाही. वस्ती वसवताना खणलं तेव्हा क्लिंटनच्या फौजेची मागे राहिलेली एक छोटी लोखंडी तोफ मातीतून वर आली. ही तोफ लक्षात ठेवा.

विल्यम कूपरचा धंदा सरळ होता. हडसनकाठचे मोठे जमीनदार भाडेपट्ट्याने कुळं ठेवत. याने पक्की विक्री केली, पैसे मुदतीने. १६ दिवसांत ४०,००० एकर खपले असं तो अभिमानाने सांगतो. घेणारे सगळे गरीब. आता गरिबाने जंगलाच्या तुकड्याचे हप्ते कशातून फेडायचे? झाडं तोडायची, जाळायची, राख धुऊन ते पाणी कढईत आटवायचं. जो क्षार उरतो तो पोटॅश. साबण आणि काच बनवायला त्याला मागणी होती, आणि जंगलातून रोख पैसा देणारा पहिला माल तोच. दुसरा माल मेपलची साखर. रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा ऊन, असे काही आठवडेच रस वाहतो. साधारण ४० लिटर रसाचा एक लिटर पाक होतो, आणि साखर करायला तो आणखी आटवावा लागतो. म्हणजे पुन्हा लाकूड.

१७८९ च्या वसंतात धान्य संपलं. सुमारे दोनशे कुटुंबं, आणि भाकरीचा तुकडा नाही. तेवढ्यात नदीतून हेरिंग माशांचे थवे वर चढले. फांद्या विणून कच्ची जाळी केली आणि दहा दिवसांच्या आत घरोघरी मासे पोहोचले. मीठ कूपरने दिलं. गावाने त्याला देवासारखं मानलं. पुढे तो जिल्ह्याचा पहिला न्यायाधीश झाला, काँग्रेसमध्ये गेला. १८०९ मध्ये वारला तेव्हा कागदावर मालमत्ता प्रचंड होती. दहा वर्षांत जेम्सचे सगळे भाऊ गेले, आणि त्याच्या एकट्याच्या पदरात आल्या जप्त्या आणि दावे. जमिनीचे हक्कच कच्चे निघाले, कर्जं पक्की निघाली. बापाची हवेलीसुद्धा हातातून गेली.

‘द पायोनियर्स’ ही कादंबरी अशा वेळी लिहिली गेली. १८१७ मध्ये त्याने ओट्सेगो सोडलं होतं, १८३४ पर्यंत तो तिथे राहायला परतला नाही. म्हणजे गाव लिहिलं ते लांबून, आठवणीतून, आणि आपलं उरलेलं नसताना. १ फेब्रुवारी १८२३ ला पुस्तक आलं आणि दुपारपर्यंत ३५०० प्रती गेल्या.

पहिलंच दृश्य पाहा. १७९३ च्या नाताळची आदली संध्याकाळ, बर्फ, डोंगरउतारावर एक हरण पडलेलं. गाव वसवणारा जमीनमालक न्यायाधीश टेंपल म्हणतो, मी मारलं. नॅटी बंपो हा म्हातारा शिकारी आणि त्याच्याबरोबरचा तरुण म्हणतात, आम्ही. मग हिशेब होतो. टेंपलच्या बंदुकीत पाच छर्रे होते. चार पाइनच्या खोडात सापडतात. पाचवा कुठे? त्या तरुणाच्या खांद्यात. म्हणजे न्यायाधीशाने हरण मारलंच नाही, माणूस जखमी केला. अमेरिकेच्या जंगलाचं हे इतकं गाजलेलं चित्र सुरू होतं ते मालकीच्या वादाने, आणि वाद सुटतो तो पंचनाम्यासारखा. पुढे कायदा येतो, ठरावीक महिन्यांत हरण मारायचं नाही. कायदा शहाणपणाचा आहे. पण तो पहिल्यांदा लागू होतो कोणावर? न्यायाधीश यायच्या कितीतरी आधीपासून इथे शिकार करणाऱ्या नॅटीवर. घराच्या झडतीला विरोध केला म्हणून शंभर डॉलर दंड, महिनाभर कैद आणि तासभर खोड्यात पाय.

कबुतरांचं प्रकरण याहून भेदक आहे. वसंतात पॅसेंजर पिजनचे थवे आकाश झाकून टाकतात. गाव बंदुका, काठ्या, मिळेल ते घेऊन धावतं. एवढ्यानेही भागत नाही, तेव्हा कोणी तरी ती तोफ काढतो. हो, मातीतून निघालेलीच. एक पौंडी गोळा फेकणारी; तिच्यात छर्रे ठासून थव्यावर डागतात. इरोक्वायांवरच्या मोहिमेतलं हत्यार चौदा-पंधरा वर्षांत पाखरांवर वळलेलं आहे, आणि कूपर त्यावर एक शब्दही जास्तीचा खर्च करत नाही. नॅटी एक गोळी झाडतो, एक कबुतर घेतो आणि निघून जातो. रात्री तलावावर हीच गोष्ट पुन्हा घडते: गावकरी रापण ओढून शेकडो मासे किनाऱ्यावर टाकतात, त्यांतले बहुतेक सडणार, नॅटी होडीतून भाल्याने एकच मोठा मासा उचलतो. १७८९ च्या भुकेत ज्या नदीने गाव जगवलं, त्याच पाण्याशी हा व्यवहार. साखरेच्या हंगामातही तसंच. लाकूडतोड्या बिली कर्बी मेपलच्या खोडाला इतकी खोल खाच घालतो की झाड वाचणं कठीण. टेंपल त्याला बोलतो. पण जमिनीचे हप्ते तर टेंपललाच हवे आहेत. ही गोम कूपरने उघड सांगितली नाही, तरी ती त्याला माहीत होती. शेवटची पॅसेंजर पिजन १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

कादंबरीचा शेवट मात्र फेरफार नोंदीचा आहे. जखमी तरुण हा राजनिष्ठ एफिंगहॅम घराण्याचा वारस निघतो, टेंपलने त्यांची जप्त झालेली इस्टेट जणू विश्वस्त म्हणून सांभाळली होती असं कळतं, आणि वारसाचं टेंपलच्या मुलीशी लग्न होतं. खऱ्या आयुष्यात क्रोगनच्या वारसांना असं काही मिळालं नाही. त्याहून मोठी खाडाखोड वेगळीच आहे. कादंबरीत ही जमीन एफिंगहॅमना दिली डेलावेअर लोकांनी, म्हणजे मूळ रहिवाशांच्या दुसऱ्याच एका जमातीने. प्रत्यक्षात ओट्सेगो इरोक्वायांच्या मुलखात. कूपरचा मुख्य आधार होता जॉन हेकेवेल्डर या मिशनऱ्याचा १८१९ चा ग्रंथ. हेकेवेल्डरचं आयुष्य डेलावेअरांमध्ये गेलेलं, साहजिकच बाजू त्यांची. तिथून नॅटी बंपोवरच्या कूपरच्या कादंबरी-मालिकेत डेलावेअर भले आणि इरोक्वाय दुष्ट. याच मालिकेतल्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मधल्या ‘मोहिकन’ या नावातही हडसन खोऱ्यातले महिकन आणि कनेटिकटचे मोहेगन एकमेकांत मिसळले आहेत. त्या कादंबरीतल्या तरुण योद्ध्याचं अंकस हे नाव तर सतराव्या शतकातल्या खऱ्या मोहेगन प्रमुखाचं.

बाकीच्या प्रदेशांबद्दल थोडक्यात. ‘द स्पाय’ (१८२१) न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडच्या वेस्टचेस्टरमधली, स्वातंत्र्ययुद्धातल्या दोन सैन्यांच्या मधल्या बेवारशी पट्ट्यातली, जिथे दोन्हीकडचे लुटारू एकाच शेतकऱ्याला आळीपाळीने नागवत. कूपरची सासुरवाडी तिथली, डी लॅन्सी, आणि राजनिष्ठ. शत्रूकडची माणसं त्याने माणसांसारखी रंगवली ती त्यामुळे. ‘द पाथफाइंडर’ (१८४०) मधला लेक ओंटारिओ त्याने नौदलात असताना पाहिला होता. १८०८-०९ चा हिवाळा त्याने या सरोवराकाठच्या ऑस्वेगोला काढला, तिथे लढाऊ जहाज बांधलं जात होतं.

हडसन नदीवरच्या ग्लेन्स फॉल्स या धबधब्यापाशी मात्र थांबू. १८२४ मध्ये काही तरुण इंग्रजांबरोबर तो इथे आला. हडसनच्या पात्रात काळा खडक, त्यात पाण्याने पोखरलेल्या गुहा. कूपरच्या मुलीने नोंदवलंय की सोबतच्या स्टॅन्लीने म्हटलं, ही जागा कादंबरीसाठीच आहे. हाच स्टॅन्ली पुढे लॉर्ड डर्बी, १८५८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान. कंपनीचा कारभार संपवून हिंदुस्थान राणीच्या ताब्यात देणारा कायदा त्याच्याच सरकारने केला. असो. दोन वर्षांत ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ आली, १७५७ च्या फोर्ट विल्यम हेन्रीच्या वेढ्यावरची. त्यातल्या गुहेचं वर्णन जागेशी जुळतं. पुढच्या आवृत्तीत कूपरने टीप घातली: पाणी कामाला जुंपल्यामुळे सौंदर्य गेलं, आणि त्या खडकाच्या बेटावर आता पुलाचा खांब उभा आहे. म्हणजे लिहिताना त्याने आधी डोळ्यांसमोरून पूल काढला आणि मग माणसं लपवली.

जिथे पाय लागले नव्हते तिथे काय होतं, तेही पाहू. ‘द प्रेअरी’ (१८२७) पॅरिसमध्ये पूर्ण झाली. मिसिसिपीपलीकडचा गवताळ प्रदेश त्याने पाहिलाच नव्हता; हाताशी होते मोहिमांचे वृत्तान्त. त्यामुळे एखादा खडक, एखादी झाडी सोडली तर जागा ओळखूच येत नाहीत, आणि जमिनीचं वर्णन सारखं समुद्रावर घसरतं: लाटांसारखे उंचवटे, गलबतांसारख्या गाड्या. नौदलातला माणूस माहितीतली उपमा वापरतोय. ती चांगली आहे, पण एका उपमेवर अख्खी कादंबरी तरत नाही.

१८३४ मध्ये त्याने बापाची हवेली परत विकत घेतली. तीन वर्षांत गावाशी बिनसलं. तलावाच्या पश्चिम काठावर थ्री माइल पॉइंट नावाची जागा आहे. लोक वर्षानुवर्षं तिथे सहलीला जात, जागा सार्वजनिक समजत. कूपरने जाहीर केलं, ही आमच्या घराण्याची. कागद त्याच्या बाजूने होते, वहिवाट गावाच्या. सभा भरली, निषेध झाला, त्याची पुस्तकं गावच्या ग्रंथालयातून काढा असा ठरावही झाला. कूपरने पुढची काही वर्षं वर्तमानपत्रांवर बदनामीचे खटले भरण्यात घालवली, आणि बहुतेक जिंकले.

या भांडणानंतर चार वर्षांनी, १८४१ मध्ये, ‘द डिअरस्लेअर’ आली. तोच तलाव, पण १७४० च्या दशकातला. ना गाव, ना हवेली, पाण्यात खांबांवर उभं एकच घर. नॅटी इथे तरुण आहे. तलाव कोणाचा, असं तो विचारतो. सोबती सांगतो की इथल्या डोंगराबद्दल की दरीबद्दल आजवर कागदाला लेखणी लागलेली नाही. सरकारने याला काही नाव दिलंय का, हा नॅटीचा पुढचा प्रश्न. नाही, असं कळल्यावर त्याला बरं वाटतं. गोऱ्यांनी बारसं केलं की मागोमाग नासधूस येते, असं तो म्हणतो.