ऋष्यमूक शोधताना

मित्रहो, रामायणात सुग्रीव वालीच्या भीतीने ज्यावर राहिला तो ऋष्यमूक पर्वत कोठे, असे हंपीत कोणालाही विचारा, उत्तर लगेच मिळते. वाटाड्या तुंगभद्रेकाठच्या एका टेकडीकडे बोट दाखवतो आणि पुढे चालू लागतो. मला त्या बोटापाशी जरा थांबायचे आहे.

वाल्मीकींच्या रामायणात पर्वत एकटा येत नाही, शेजार घेऊन येतो. अरण्यकांडात कबंध राक्षस रामाला वाट सांगतो, ती एखाद्या गावकऱ्याने सांगावी तशी. पंपेच्या पश्चिम तीरावर मतंग ऋषींचा आश्रम, आणि ऋष्यमूक पंपेच्या ‘पुरस्तात्’, म्हणजे समोर किंवा पूर्वेला. चढायला फार अवघड. पुढे किष्किंधाकांडात कळते की वालीने दुंदुभी असुराचे प्रेत एक योजन भिरकावले, त्याचे रक्त आश्रमावर उडाले, मतंगांनी शाप दिला आणि वालीला ती जागा कायमची बंद झाली. म्हणून तर सुग्रीव तिथे निर्धास्त राहिला.

आता हा शेजार जमिनीवर लावून पाहू. आज दाखवतात ते पंपासरोवर नदीच्या उत्तरेला, परंपरा ज्याला वालीची किष्किंधा मानते त्या आनेगुंदी गावाकडे; मतंग टेकडी मात्र दक्षिणेला. सरोवर आणि आश्रम यांच्यामध्ये अख्खी नदी! पण पंपा हे तुंगभद्रेचेच जुने नाव. ‘हंपी’ हा शब्दही त्यातूनच आला, कारण कन्नडमध्ये जुन्या ‘प’चा ‘ह’ होतो. ‘पालु’ म्हणजे दूध, त्याचे ‘हालु’ झाले. पंपा म्हणजे नदी धरली, तर अडचण बरीच सैल होते.

परंपरेच्या खुणा मात्र पारखून घ्याव्यात. निंबापूरला राखेचा एक ढीग वालीच्या चितेचा म्हणून दाखवतात. पुरातत्त्वज्ञांच्या मते तो नवाश्मयुगातल्या गुराख्यांनी जाळलेल्या शेणाचा. बल्लारी भागात असे ढीग ठिकठिकाणी आहेत. त्याने वाली सिद्ध होत नाही. पण त्या राखेकडे पाहून कथा सांगणाऱ्यांची नजर किती बारीक होती, ते कळते आणि मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

नावांवर तर मी मुळीच भिस्त ठेवत नाही. वालीवधानंतर राम ज्या डोंगरावर राहतो, तो एका सर्गात प्रस्रवण आहे आणि लगेच पुढच्या सर्गात माल्यवान! माझे मत स्पष्ट आहे: हंपी-आनेगुंदीचा परिसर कवीच्या वर्णनाशी जुळतो, त्यातली नेमकी कोणती टेकडी ऋष्यमूक, हे ठरवण्याइतका पुरावा मजकुरात नाही.

आणि अंतर मोजायचेच, तर कवीने दिलेल्या मापाने मोजावे. राम लक्ष्मणाला म्हणतो, किष्किंधा इथून फार दूर नाही, तिथल्या गाण्यावाजवण्याचा आवाज इथे ऐकू येतो. माल्यवंत टेकडीवर रघुनाथाच्या देवळापाशी बसा, आनेगुंदीच्या दिशेने तोंड करा, आणि वारा पडला की कान द्या.