पाच नंबरचा मोह

[लाल दिवा. एन्लार्जरखाली दोन हात.]

निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, म्हणजे ते मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात, बसलंय. फिल्म कशी धुतली ते आज राहू द्या. खाली इझलवर, कागद धरणाऱ्या चौकटीवर, सगळं उलटं दिसतंय: खिडकी काळी, खोली पांढरी, आणि खिडकीशी बसलेल्या आजींचे केस काळे कुळकुळीत.

एकाच कागदावर दोन गोष्टी हव्या आहेत. पडद्याच्या चुण्या दिसल्या पाहिजेत, आणि आजींच्या पाठीमागचा अंधार काळाच उतरला पाहिजे. सॉफ्ट, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टच्या पेपरवर चुण्या मिळतात, पण अंधार राखाडी पडतो. हार्ड, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टच्या पेपरवर अंधार मिळतो आणि पडद्याच्या जागी नुसता कोरा कागद उरतो.

[टेस्ट स्ट्रिप. दर ५ सेकंदांनी पुठ्ठा सरकतो.]

कागदाला प्रकाश किती वेळ द्यायचा, म्हणजे एक्स्पोजर, ते ठरवायचं उजळ भागावरून. वेगवेगळ्या वेळा दिलेल्या या चाचणीच्या पट्टीत फक्त पडदा बघायचा, अंधाराकडे ढुंकूनही नाही. अंधार सावरायचं काम ग्रेडचं.

[ट्रे हलतोय. फोटो उमटतो. या शॉटवर निवेदन नाही.]

आर.सी., म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या पेपरला डेव्हलपरमध्ये, फोटो उमटवणाऱ्या रसायनात, साधारण मिनिटभर; फायबर, म्हणजे साध्या कागदी पेपरला दोन ते तीन मिनिटं. लाल दिव्याखाली प्रिंट असतो त्यापेक्षा गडद भासतो. मग माणूस घाबरतो, वेळेआधीच चिमट्याने उचलतो, आणि बाहेर उजेडात बघतो तर काळा रंग मळकट. दोष मात्र पेपरला.

[पेपरची पाकिटं. मग फिल्टरचा संच, एकेक फिल्टर दिव्यासमोर.]

ग्रेड म्हणजे कॉन्ट्रास्टचा नंबर. शून्य सगळ्यात सॉफ्ट, पाच सगळ्यात हार्ड. पूर्वी प्रत्येक नंबरचं पाकीट वेगळं घ्यावं लागे, आणि हवा तोच नंबर नेमका संपलेला असे. १९४० मध्ये इलफर्ड या ब्रिटिश कंपनीने मल्टिग्रेड पेपर आणला, आणि एकाच पाकिटातून वेगवेगळे ग्रेड काढता येऊ लागले.

युक्ती इमल्शनमध्ये, कागदावरच्या प्रकाश टिपणाऱ्या थरात, आहे. अशा पेपरच्या इमल्शनमध्ये एकाहून अधिक घटक मिसळलेले असतात. निळा प्रकाश त्या सगळ्यांना सारखाच लागतो. सगळे एकदम काळे होतात, मधल्या छटांना जागाच उरत नाही. हिरवा प्रकाश मात्र एकाला लगेच लागतो, दुसऱ्याला उशिरा. त्यामुळे राखाडीच्या छटा पसरत जातात. हा किरमिजी फिल्टर हिरवा अडवतो, म्हणून प्रिंट हार्ड. हा पिवळा निळा अडवतो, म्हणून सॉफ्ट. इलफर्डच्या संचात असे १२ फिल्टर आहेत, ००पासून (शून्याहूनही सॉफ्ट) ५पर्यंत. ३½ पर्यंत एक्स्पोजर तेच राहतं. चारपासून पुढे वेळ दुप्पट करायची.

[दोन प्रिंट शेजारी. डावीकडे ५ नंबर.]

डावीकडचा प्रिंट आधी नजरेत भरतो. भरणारच. पाच नंबर लावला की कुठलाही फोटो ओरडायला लागतो. पण आजींच्या गालावर बघा. कान आणि जबड्याच्या मधली सावली गेली, सुरकुत्यांच्या नुसत्या रेघा राहिल्या. चेहऱ्यावर हे मला चालत नाही. आता थोरामोठ्यांची साक्ष काढावी, तर तिथे पंचाईत. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सने १९४१ सालच्या आपल्या ‘मूनराइज’ या चंद्रोदयाच्या फोटोच्या निगेटिव्हचा खालचा भाग १९४८ मध्ये रसायनाने मुद्दाम गडद करून घेतला, आणि पुढच्या वर्षांत त्याच्या प्रिंटमधलं आकाश जवळजवळ काळं होत गेलं. असो. ते आकाश होतं, हा चेहरा आहे.

[किरमिजी फिल्टर काढून पिवळा. टायमर.]

म्हणून स्प्लिट ग्रेड. त्याच कागदावर दोन एक्स्पोजर. पहिलं ०० नंबरने, फक्त उजळ भागासाठी: पडद्याला जेमतेम राखाडी छटा येईपर्यंत. दुसरं ५ नंबरने, फक्त अंधारासाठी. पडद्यापाशी निगेटिव्ह दाट असल्यामुळे हे दुसरं एक्स्पोजर तिथे फारसं पोचतच नाही. पाठीमागचा अंधार मात्र भरून येतो.

[तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती, चेहऱ्यावर हलती.]

आता हात बघा. ५ नंबर चालू असताना चेहऱ्यावर चकती धरली. थोडेच सेकंद, आणि सतत हलती. स्थिर धरली तर कडा उमटते. तेवढ्यापुरता चेहरा सॉफ्ट राहिला, बाकीचा प्रिंट हार्ड. मग पुन्हा ०० नंबर, आणि पुठ्ठ्याच्या भोकातून खिडकीला थोडा जास्त प्रकाश. हेच बर्निंग, म्हणजे एका भागाला जास्तीचा प्रकाश देणं, ५ नंबरने केलं असतं, तर खिडकीची चौकट आधी काळी झाली असती आणि पडदा होता तिथेच राहिला असता.

[स्टॉप बाथ, फिक्सर, वाहतं पाणी.]

डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग फोटो पक्का करणारा फिक्सर म्हणजे हायपो, मग धुणं. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतायचा नाही, वेगळा साठवायचा.

[दोरीवर प्रिंट. एक ओला, एक वाळलेला.]

ओला प्रिंट फसवतो. वाळला की उजळ भाग किंचित दबतात, फायबर पेपरवर जास्तच. म्हणून ओल्यावर पडदा मनासारखा दिसला, की पहिल्या एक्स्पोजरमधून थोडी वेळ कमी करायची आणि पुन्हा काढायचा.

[प्रिंटच्या मागे पेन्सिल.]

फिल्टर, सेकंद, चकती कुठे धरली, सगळं मागे लिहून ठेवलंय. पेपरचं पुढचं पाकीट उघडलं की मात्र टेस्ट स्ट्रिप पुन्हा काढावी लागेल.